घरचे मार्झिपान : प्रमाण, पाक आणि परंपरा

नाताळ जवळ आला की अकोला, अमरावती, बडनेरा, अचलपूर या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या यांची तयारी सुरू होते. केकही ओघाने आलाच. ज्या कुटुंबांचे नाते मुंबई, वसई किंवा गोव्याशी जुळलेले आहे, त्यांच्या ताटात यांच्या जोडीला आणखी एक जिन्नस असतो. तो म्हणजे मार्झिपान. बदाम किंवा काजूची बारीक पूड आणि साखर यांचा मऊ गोळा करून त्याला फुलाफळांचे आकार देतात. दिसायला ही मिठाई नाजूक असली, तरी तिची घडण आपल्या काजूकतलीहून फार वेगळी नाही. वऱ्हाडातील कोणत्याही स्वयंपाकघरात ती उत्तम होऊ शकते. अडचण येते ती वेगळ्याच कारणाने. ही कृती बहुधा आजी किंवा मावशी यांच्या हातून शिकलेली असते आणि वहीत ती दोन-तीन ओळींतच उतरलेली असते. ‘वाटीला वाटी साखर, गोळा होईपर्यंत आटवणे’ एवढ्या टिपणावरून पुढच्या पिढीला पदार्थ साधत नाही आणि हळूहळू तो घरातून नाहीसा होतो. म्हणून मार्झिपानची कृती देताना त्यामागील प्रमाणाचे व पाकाचे गणितही या लेखात दिले आहे.

मार्झिपान म्हणजे काय?

सोललेले गोड बदाम आणि साखर यांच्या एकजीव लगद्याला मार्झिपान म्हणतात. त्यात मैदा, खवा किंवा तूप हे मुख्य घटक नसतात. बदामातील तेल लगद्याला मऊपणा देते, साखर त्याला आकार आणि टिकाऊपणा देते, तर गुलाबपाणी किंवा अन्य थोडासा द्रव दोहोंना बांधून ठेवतो. या तिघांचा तोल साधला की गोळा मळलेल्या कणकेसारखा लवचीक होतो. तो हाताला चिकटत नाही आणि साच्यात दाबल्यावर साच्यावरील बारीक रेघही उचलतो.

काजूकतली आणि मार्झिपान यांतील मुख्य फरक साखरेच्या प्रमाणाचा आहे. काजूकतलीत साखर साधारणपणे काजूच्या निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक असते. घरगुती मार्झिपानमध्ये ती बहुधा वजनाने बरोबरीची असते. त्यामुळे कतली लवकर संपवावी लागते, मार्झिपान मात्र अधिक दिवस टिकते. साखर पाण्याला धरून ठेवते आणि जंतूंना वाढू देत नाही. मुरांबा टिकतो तो याच तत्त्वावर.

युरोपात उत्तम मार्झिपानची पारख बदामाच्या प्रमाणावरून होते. जर्मनीतील ल्युबेक शहराचे मार्झिपान प्रसिद्ध असून त्या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. त्या शहरातील नीडरएगर ही पेढी १८०६ पासून या व्यवसायात आहे. स्पेनमधील टोलेडोच्या मिठाईलाही असेच संरक्षण असून तिच्यात निदान निम्मे बदाम असावे लागतात. जर्दाळूच्या बियांपासून केलेल्या स्वस्त लगद्याला जर्मनीत मार्झिपान म्हणता येत नाही. तो ‘पेर्झीपान’ या वेगळ्या नावाने विकला जातो.

बगदादहून गोव्यापर्यंत

बदाम आणि साखर यांच्या मिठाईचा मूळ प्रदेश पश्चिम आशिया मानला जातो. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल्‌-वर्राक याने संकलित केलेल्या पाकग्रंथात ‘लौझीनज’ नावाचा बदामाचा गोड पदार्थ आढळतो. ‘लौझ’ म्हणजे बदाम. इराणमध्ये नवरोजच्या सणाला आजही बदामाच्या लगद्याची तुतीच्या आकाराची मिठाई करतात. तिला ‘तूत’ असेच म्हणतात. अरबांच्या व्यापाराबरोबर आणि राज्यविस्ताराबरोबर ऊस व बदाम यांची मिठाई स्पेन आणि सिसिलीत पोहोचली. तेथील मठांतील जोगिणींनी ही कला जोपासली. सिसिलीत पालेर्मो येथील मार्तोराना मठाच्या नावावरून ओळखली जाणारी मार्झिपानची रंगीत फळे आजही केली जातात.

‘मार्झिपान’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबाबत विद्वानांत एकमत नाही. एका मतानुसार ब्रह्मदेशातील मार्ताबान या बंदराशी या शब्दाचा संबंध आहे. तेथील बरण्या एके काळी दूरदूरच्या बाजारपेठांत प्रसिद्ध होत्या.

पोर्तुगीजांबरोबर हा पदार्थ गोव्यात आला, पण तेथे बदाम दुर्मिळ होता. पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले काजूचे झाड मात्र कोकणच्या जांभ्या जमिनीत उत्तम रुजले. गोव्यातील गृहिणींनी बदामाच्या जागी काजू घेतला. आजही गोव्याच्या नाताळातील ‘कुस्वार’ या फराळात नेवरी, कुलकुल, दोदोल यांच्याबरोबर काजूचे मार्झिपान असते. मुंबई व वसई परिसरातील ईस्ट इंडियन समाजातही नाताळाला मार्झिपानच्या वड्या आणि ईस्टरला मार्झिपानची अंडी करण्याची रीत आहे. मराठीची बोली बोलणाऱ्या या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले.

मेक्सिकोच्या रूढ मासापानात तर बदामही नसतो आणि काजूही नसतो. तेथे ‘मासापान’ म्हणजे शेंगदाणे व साखर यांची भुसभुशीत वडी. बदाम मिळाला नाही म्हणून कोणत्याही देशाने हा पदार्थ सोडला नाही. जे दाणे हाताशी होते त्यांतून तो केला. वऱ्हाडातील गृहिणीने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वऱ्हाडातील संदर्भ

मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि अकोला, बडनेरा ही स्थानके मुंबईशी जोडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात ख्रिस्ती मिशनची केंद्रे उभी राहिली. १९५५ मध्ये अमरावती हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. नोकरी, शिक्षण, विवाह आणि धर्मकार्य यांच्या निमित्ताने किनारपट्टीच्या आणि वऱ्हाडाच्या स्वयंपाकघरांत देवाणघेवाण होत गेली. नाताळाच्या ताटात करंजी आणि केक शेजारी बसले ते असेच.

मार्झिपानच्या दृष्टीने वऱ्हाडाला निसर्गाने काही देणग्या दिल्या आहेत. मेळघाटच्या जंगलात चारोळी होते. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबे उन्हाळ्यात ती गोळा करतात. बिब्ब्याच्या बीतील गर म्हणजे गोडंबी. लाडवांत ती आपल्याकडे आवडीने घालतात. काजू, चारोळी आणि बिब्बा ही तिन्ही झाडे आंब्याच्या कुळातील आहेत, म्हणजे गोव्याच्या काजूची ही वऱ्हाडी भावंडेच होत. शिवाय वरूड-मोर्शी पट्ट्यातील आंबिया बहराची संत्री नाताळाच्या सुमारास बाजारात असतात. त्यांच्या सालीचा सुवास बदामाशी उत्तम जुळतो.

जुनी कृती वाचताना

घरातील जुनी कृती बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाटी. ‘एक वाटी बदाम, एक वाटी साखर’ असे लिहिलेले असते. परंतु वाटी आकारमान मोजते, वजन मोजत नाही. २५० मिलिलिटरचा एक पेला घेतला, तर त्यात पुढीलप्रमाणे वजन भरते :

दाणेदार साखर : सुमारे २०० ग्रॅम
पिठीसाखर : सुमारे १२० ग्रॅम
अख्खे बदाम : सुमारे १४० ग्रॅम
बदामाची सैलसर पूड : सुमारे १०० ग्रॅम

यावरून घोटाळा कोठे होतो ते उघड होते. आजीने अख्खे बदाम वाटीने मोजून मग कुटले असतील आणि नातीने तयार पूड वाटीने मोजली, तर बदाम जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी पडतात. पूड आणि दाणेदार साखर दोन्ही वाटीने घेतल्यास साखर बदामाच्या दुप्पट होते. गोळा कडक व रवाळ होतो आणि त्यातून बदामाची चव नाहीशी होते. दोष कृतीचा नसतो, मापाचा असतो. म्हणून ज्यांच्या हाताला ही कृती अवगत आहे, त्यांना त्यांच्या सवयीच्या वाटीनेच सर्व जिन्नस काढू द्यावेत आणि प्रत्येक जिन्नस भांड्यात पडण्यापूर्वी काट्यावर तोलून घ्यावा. एकदा आकडे मिळाले की ती कृती कायमची हाती लागते.

साहित्य

पुढील प्रमाणात सुमारे अर्धा किलो, म्हणजे पंधरा ग्रॅमचे ३० ते ३५ नग होतात.

सोललेले बदाम (किंवा काजू) : २५० ग्रॅम
साखर : २५० ग्रॅम
पाणी : १०० मिलिलिटर
गुलाबपाणी : २ चहाचे चमचे
बदामाचा अर्क : २ थेंब (ऐच्छिक)
साजूक तूप : १ चहाचा चमचा, हाताला व साच्याला लावण्यासाठी
खाण्याचे रंग : आवश्यकतेनुसार

साली काढल्यावर बदामाचे वजन घटते, म्हणून सुरुवातीस सुमारे २७५ ग्रॅम बदाम घ्यावेत. काजू असल्यास तुकडा काजू चालतो. पूडच करायची असल्याने अख्ख्या काजूवर अधिक खर्च करण्याचे कारण नाही.

पूर्वतयारी

पाण्याला खळखळून उकळी आणून बदाम त्यात एक मिनिटच ठेवावेत आणि लगेच थंड पाण्यात काढावेत. बोटांनी दाबताच साल सुटते. जास्त वेळ उकळल्यास बदाम पाणी पितात आणि पूड ओलसर होते. सोललेले बदाम स्वच्छ फडक्यावर पसरून रात्रभर पंख्याखाली वाळवावेत. ते आतूनही कोरडे झाले पाहिजेत. ओल्या बदामाची पूड होत नाही, पेस्ट होते.

दळताना घाई करू नये. मिक्सरचे भांडे कोरडे असावे. बदाम थोडे थोडे घेऊन मिक्सर थांबून-थांबून चालवावा. तो सलग चालवल्यास भांडे तापते, बदामाला तेल सुटते आणि पुढे गोळा तेलकट होतो. बदामाबरोबर मापातीलच दोन चमचे साखर घातल्यास ती सुटू पाहणारे तेल शोषून घेते. पूड मैद्याच्या चाळणीने चाळावी. वर राहिलेला जाड भाग पुन्हा दळावा. या पदार्थाचा गुळगुळीतपणा जवळजवळ सर्वस्वी या चाळण्यावर अवलंबून असतो.

पाकाची पद्धत

गोव्यात आणि मुंबईकडे मार्झिपान बहुधा शिजवून करतात. जाड बुडाच्या कढईत साखर व पाणी मंद आचेवर ठेवावे. साखर पूर्ण विरघळल्यावरच उकळी येऊ द्यावी. एकतारी पाक होताच, म्हणजे थेंब दोन बोटांत धरून बोटे दूर केल्यावर एक तार न तुटता टिकू लागली की, आच अगदी मंद करावी. तापमापक असल्यास हा पाक साधारण १०५ ते १०८ अंश सेल्सिअसला होतो.

आता पूड घालून सतत ढवळावे. मिश्रण प्रथम सैल होते, मग घट्ट होत जाते आणि पाच ते आठ मिनिटांत कढईच्या कडा सोडून उलथन्याभोवती गोळा होऊ लागते. हीच निर्णायक वेळ. लगेच परीक्षा घ्यावी. चिमूटभर मिश्रण ताटलीत टाकून अर्धा मिनिट निवू द्यावे आणि तूप लावलेल्या बोटांनी वळावे. गोळी झाली, तिच्यावर हलकी तकाकी आली आणि ती बोटाला चिकटली नाही, तर कढई खाली उतरवावी. गोळी पसरत असेल तर आणखी एक मिनिट आच द्यावी. गोळीला भेगा पडल्यास पाक पुढे गेला असे समजावे.

उतरवल्यावर गुलाबपाणी व अर्क घालावा. मिश्रण हाताला सोसवेल इतके कोमट झाले की परातीत घेऊन पुरणासारखे पाच मिनिटे मळावे. मळल्याने साखरेचे कण बारीक राहतात आणि गोळा रेशमासारखा होतो. थंड झाल्यावर मळून हा परिणाम साधत नाही.

न शिजवता करण्याची पद्धत

केकवर थर देण्यासाठी ही पद्धत सोयीची आहे. येथे २५० ग्रॅम बदामाची पूड आणि २०० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर एकत्र करून त्यात गुलाबपाणी एकेक चमचा घालत घट्ट गोळा मळतात. एक चमचा द्रव ग्लुकोज घातल्यास गोळा लवचीक राहतो व लाटताना फाटत नाही. फळांच्या केकवर जर्दाळूचा जॅम लावून त्यावर मार्झिपानची पातळ पोळी बसवतात आणि त्यावर साखरेचे पांढरे आइसिंग देतात. मधल्या थरामुळे केकचा काळसर रंग आइसिंगवर उतरत नाही आणि केकही वाळत नाही.

अनेक जुन्या कृतींत अंड्याचा पांढरा बलक असतो. तो लगदा बांधतो आणि त्याला उजळ रंग देतो. न शिजवता करताना कच्चा बलक वापरू नये, कारण त्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. लहान मुले, गर्भवती व वृद्ध यांच्या बाबतीत हे विशेष पाळावे. शिजवण्याच्या पद्धतीत बलक घालायचा असल्यास मिश्रण चांगले तापून घट्ट होईपर्यंत ढवळणे आवश्यक आहे. वर दिलेल्या दोन्ही कृती बलकाशिवाय पूर्ण होतात. त्यामुळे शाकाहारी शेजाऱ्यांच्या घरी ताट पाठवतानाही संकोच राहत नाही.

बिघडल्यास

गोळा कोरडा होऊन भुगा पडत असेल, तर गुलाबपाण्याचा हात लावून पुन्हा मळावे. पाणी ओतू नये, शिंपडावे.

गोळा सैल राहिला, तर पुन्हा कढईत घालून अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परतावा. वरून पिठीसाखर मिसळण्याचा मोह टाळावा. तिने गोळा तात्पुरता घट्ट होतो, पण गोडी वाढते आणि प्रमाण बिघडते.

तेल सुटले, तर गोळा पूर्ण थंड होऊ द्यावा. नंतर एक चमचा गार पाणी शिंपडून हलक्या हाताने मळल्यास तेल बहुधा पुन्हा मिसळते.

गोळा रवाळ झाला असेल, तर पाकात साखर पूर्ण विरघळली नव्हती किंवा पाक पुढे गेला होता. असा गोळा थोड्या पाण्याबरोबर मंद आचेवर पुन्हा सैल करून आटवता येतो. पाकाच्या वेळी कढईच्या कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या कुंच्याने पुसून घेतल्यास हा दोष टळतो.

दाण्यांची निवड

बदाम : याचा स्वाद सर्वांत खरा, पण किंमतही अधिक. कडू बदाम निवडून टाकावेत. त्यातील अमिग्डालिन या द्रव्यापासून पोटात हायड्रोजन सायनाइड हे विष तयार होते. छोट्या गिरीच्या बदामांत कडू दाणे निघण्याचा संभव असतो. सोलल्यावर संशयास्पद दाण्याचा कण चाखून पाहावा आणि कडू लागल्यास थुंकून टाकावा.

काजू : यात तेल बदामापेक्षा थोडे कमी आणि पिष्ट अधिक असते. त्यामुळे लगदा सहज बांधला जातो. नवशिक्यांनी काजूपासून सुरुवात करणे श्रेयस्कर. रंगही स्वच्छ येतो.

चारोळी : ही एकटी वापरल्यास लगदा तेलकट होतो. एकूण दाण्यांच्या चौथा हिस्सा चारोळी व उरलेले काजू असे प्रमाण ठेवावे. चारोळी गरम पाण्यात थोडा वेळ भिजवून चोळल्यास साल निघते. नंतर ती पूर्ण वाळवावी. चारोळी लवकर खवट होते, म्हणून विकत घेताना दोन दाणे चावून पाहावेत.

गोडंबी : हिचेही प्रमाण चौथ्या हिश्श्यापुरतेच ठेवावे. बिब्ब्याच्या टरफलातील तेलाने त्वचेवर फोड येतात. त्यामुळे गोडंबी घरी फोडू नये. स्वच्छ, पांढरी, डाग नसलेली गोडंबी ओळखीच्या दुकानातून घ्यावी. ज्यांना बिब्बा किंवा काजू बाधतो, त्यांनी ती वर्ज्य करावी.

शेंगदाणे : मंद आचेवर, रंग न येऊ देता भाजून, साल व नाक काढून पूड करावी. स्वाद निराळा येतो, पण खर्च बराच कमी होतो. सुरकुतलेले, बुरशीचे दाणे कटाक्षाने काढावेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे घातक द्रव्य असू शकते.

दाणे बदलले तरी एक पथ्य पाळावे. ज्या दाण्याचे केले, त्याचेच नाव सांगावे. शेंगदाण्याच्या लगद्यात बदामाचा अर्क घालून तो बदामाचा म्हणून वाढणे ही केवळ अप्रामाणिकता नाही. शेंगदाण्याची किंवा काजूची अॅलर्जी असलेल्या पाहुण्याच्या जिवाशी तो खेळ ठरू शकतो.

आकार आणि रंग

गोळ्याचे चार-पाच भाग करून प्रत्येकात वेगळा रंग मळावा. द्रव रंगाने गोळा सैल होतो, म्हणून जेल किंवा पूड रंग टूथपिकच्या टोकाने अगदी थोडा घ्यावा. नैसर्गिक रंग हवा असल्यास केशर किंवा आटवलेला बिटाचा रस वापरता येतो. मात्र रसाचा जितका ओलावा जाईल, तितके गुलाबपाणी कमी करावे.

मार्झिपानसाठी रबरी साचे मुंबई-गोव्याच्या बाजारात मिळतात. ते नसल्यास मोदकाचा लहान साचा किंवा संदेशचा लाकडी ठसा पुरेसा आहे. साच्याला तुपाचा हात पुसटच लावावा, नाहीतर नक्षी बुजते. संत्र्याचा आकार देणे हातानेही सोपे आहे. केशरी गोळी वळून ती किसणीच्या बारीक बाजूवर हलकेच फिरवली की सालीचा खडबडीतपणा येतो आणि वर लवंग खोचली की देठ होतो. या गोळ्याच्या पिठातच संत्र्याच्या सालीचा कीस अर्धा चमचा मिसळावा. फळ आधी कोमट पाण्याने घासून धुवावे आणि फक्त वरची केशरी साल किसावी. आतला पांढरा भाग कडू असतो.

हवामान आणि टिकवण

वऱ्हाडातील डिसेंबरची हवा थंड आणि कोरडी असते. ती वळलेले नग वाळण्यास उत्तम, पण उघडा राहिलेला गोळा अर्ध्या तासात वरून कडक होतो. काम चालू असताना गोळा ओलसर मलमलीखाली झाकावा. नग चार-पाच तास जाळीवर ठेवून वरून किंचित सुकले की घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटरपेपर घालून भरावेत. थंडीत ते आठ-दहा दिवस बाहेर चांगले राहतात. शीतकपाटात महिनाभर टिकतात.

ईस्टरची गोष्ट निराळी. हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो आणि एप्रिलमध्ये अकोला-अमरावतीचा पारा वरचेवर चाळिशी ओलांडतो. अशा वेळी मळणे व वळणे पहाटे उरकावे. नग कूलरच्या झोतासमोर वाळत ठेवू नयेत. कूलरची हवा दमट असते आणि साखर ती ओढून घेते, त्यामुळे अंडी सुकण्याऐवजी पाझरू लागतात. साध्या पंख्याखाली, सावलीत ती व्यवस्थित सुकतात.

आहाराच्या दृष्टीने पाहता, पंधरा ग्रॅमच्या एका नगात सुमारे सात ग्रॅम साखर आणि सत्तरहून थोड्या अधिक कॅलरी असतात. मधुमेहींनी याचा विचार करावा. साखर कमी करायची असल्यास ती दाण्यांच्या पाऊणपटीपर्यंत कमी करता येते. मात्र मग नग शीतकपाटातच ठेवून आठवड्यात संपवावेत.

वहीत काय लिहावे?

बदामाची जागा काजूने घेतली, अंडे गळाले, गुलाबपाण्याच्या जोडीला संत्र्याची साल आली, तरी पदार्थ घराण्याचाच राहतो. कारण घराण्याचे म्हणून जे असते, ते दाणे आणि साखर यांचे प्रमाण आणि गोळा कधी उतरवायचा याची पारख. नेमक्या याच दोन गोष्टी वहीत लिहिलेल्या नसतात, त्या हातात असतात.

म्हणून यंदा घरातील जाणत्या व्यक्तीबरोबर उभे राहून पुढील नोंदी करून ठेवाव्यात : दाण्यांचे सोललेल्या स्थितीतील वजन, साखर दाणेदार की पिठी आणि तिचे वजन, पाण्याचे माप, कढईचा आकार, पूड घातल्यापासून उतरवेपर्यंतची मिनिटे, उतरवताना मिश्रण कसे दिसत होते याचे त्या व्यक्तीच्याच शब्दांतील वर्णन, आणि तयार मिठाईचे एकूण वजन. यांतील शेवटचा आकडा विशेष उपयोगी पडतो. सुरुवातीचे सर्व वजन आणि शेवटचे वजन यांच्या फरकावरून किती पाणी आटले ते कळते. पुढच्या वर्षी शेगडी, कढई किंवा गाव बदलले, तरी कढई काट्यावर ठेवून त्याच वजनाला उतरवता येते. ज्या सुनेने किंवा नातवाने ती जुनी कढई कधी पाहिलीही नाही, त्यांनाही मग तोच गोळा साधतो.